आई इन्सुलिन पोटात घेत नाही, मांडीतच घेते: काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही गफलत असेल तर लगेच कळेल. आईंचं वय ६४, वजन ४८ किलो. त्या मिरजेजवळच्या गावी राहतात, तुम्ही पुण्यात. दीड वर्षापासून ३०/७० चं इन्सुलिन चालू आहे, सकाळी २२ आणि रात्री १४ युनिट, बाटली आणि सिरिंजने. आधी वडील टोचायचे. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून आई स्वतःच घेतात. पोटात घ्यायला साफ नकार. उजव्या मांडीत, तेही ठरलेल्या एकाच जागी. मधूनमधून 'दुखतं' म्हणून चुकवतात. तुम्ही हौसेने इन्सुलिनचं पेन आणून दिलंत, ते कपाटात पडून आहे. शुगर एक दिवस ९० तर दुसऱ्या दिवशी २८०. डॉक्टर म्हणतात पोटात घ्या, आई म्हणतात मांडीतच, आणि तुम्ही विचारलंय की हा हट्ट सोडवायचा कसा.

मी आधी वॉर्डात सिस्टर होते. आता बरीच वर्षं मधुमेहाच्या पेशंटना इन्सुलिन घ्यायला शिकवणं हेच काम करते. डोस ठरवणं माझं काम नाही, आणि इथे मी तो बदलायला सांगणारही नाही. पण सुई, जागा, वेळ आणि माणूस यांचं जमवून देणं हे रोजचं आहे, त्या भागावर सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हट्ट मोडायला जाऊ नका. आईंच्या एका 'नाही'मध्ये चार-पाच वेगळी कारणं असू शकतात: खरंखुरं दुखणं, भीती, संकोच, सवय, आणि औषधावरचा अविश्वास. प्रत्येकाचा इलाज वेगळा. दुखणं बहुतेक वेळा पद्धत सुधारली की कमी होतं. पद्धत नीट झाल्यावर जे उरतं ती त्यांची पसंती, आणि ती शक्य तितकी पाळावी असं माझं मत आहे. ज्या बाईला आयुष्यभर दिवसातून दोनदा स्वतःला टोचायचंय, तिची सोय ही उपचाराचाच भाग असते. सोय नसेल तर डोस चुकतो आणि मग कागदावरचं उत्तम प्रिस्क्रिप्शन काही कामाचं राहत नाही.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. 'दुखतं' म्हणणारी बाई रोज त्याच एका जागी का टोचत असेल? कारण तिथे दुखत नाही. एकाच ठिकाणी महिनोन्‌महिने इन्सुलिन गेलं की त्वचेखालची चरबी वाढून तिथे गाठ किंवा फुगवटा तयार होतो. अशा जागी टोचल्याचं कमी जाणवतं, म्हणून पेशंटला ती जागा आवडायला लागते. आणि तीच जागा औषधासाठी सगळ्यात वाईट. चिबड रानात पाणी साचावं तसं इन्सुलिन त्या गाठीत साचून राहतं. आज निचरा होईल की उद्या, सांगता येत नाही. आज ९० आणि उद्या २८० असं दिसलं की मी औषधाला नावं ठेवण्याआधी मांडी बघते.

मांडी बघायची म्हणजे नुसतं पाहायचं नाही. आईंना झोपवा, किंवा एखाद्या मावशीला-काकूला बघायला सांगा. हाताला थोडं तेल लावून बोटांनी ती जागा आणि आजूबाजूची त्वचा चाचपायची. गाठ दिसण्यापेक्षा हाताला जास्त कळते: आजूबाजूपेक्षा घट्ट, रबरासारखी, चिमटीत नीट न येणारी. कधी फुगवटा दिसतो, कधी अजिबात दिसत नाही. सापडली तर बॉलपेनने भोवती गोल काढा. त्या गोलात काही महिने सुई जायची नाही. गाठ हळूहळू बसते, पण तिला वेळ लागतो.

इथे थांबून एक धोक्याची सूचना. गाठ सापडली म्हणून त्याच दिवशी जागा बदलून तेवढेच २२ युनिट टोचू नका. गाठीत टोचताना औषधाचा काही भाग नीट लागूच होत नसतो, आणि त्या हिशोबाने डोस वाढत वाढत इथवर आलेला असू शकतो. तोच डोस चांगल्या त्वचेत गेला तर शुगर झपकन खाली येते. ४८ किलोच्या माणसाला दिवसाला ३६ युनिट हा आकडा बघून माझ्या मनात ही शंका आलीच. म्हणून आधी डॉक्टरांना फोन: 'मांडीला गाठ आहे, जागा बदलतोय, डोस किती ठेवू?' ते बहुधा डोस कमी करून देतील आणि काही दिवस शुगर जास्त वेळा तपासायला सांगतील. घाम फुटला, हातपाय थरथरले, एकदम भूक लागली किंवा बोलणं विसंगत वाटलं, तर शुगर ७० च्या खाली आहे का ते बघायचं. असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. यंत्र हाताशी नसेल तर साखर आधी, तपासणी नंतर. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता मुख्य वाद: पोट की मांडी? डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही. पोटातून इन्सुलिन सगळ्यात लवकर लागू होतं, मांडी आणि कुल्ल्यातून सावकाश. ३०/७० मध्ये दोन प्रकार एकत्र असतात. ३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के सावकाश करणारं. सकाळी नाश्त्याची शुगर आवरायला तो लवकरचा भाग वेळेत लागू व्हायला हवा, म्हणून सकाळी पोट बरं. रात्री मात्र उलट आहे. रात्रीच्या डोसला मांडी किंवा कुल्ला चालतो, किंबहुना मध्यरात्री शुगर उतरू नये म्हणून तोच बरा पडतो. म्हणजे आई पूर्ण चूक नाहीत, अर्ध्या बरोबर आहेत. 'रात्रीचं तुझ्या म्हणण्याप्रमाणे मांडीत, सकाळचं पोटात' हा तोडगा डॉक्टरांपुढे ठेवा. तो बहुतेकांना पटतो, आणि आईंचा मानही राहतो. ही गोष्ट साध्या ह्यूमन इन्सुलिनची आहे. बाटलीवर नव्या धर्तीच्या अॅनालॉग इन्सुलिनचं नाव असेल तर जागेचा फरक कमी पडतो, आणि मग सकाळीही मांडी चालेल का हे विचारायला हरकत नाही. बाटलीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

मांडी म्हणजे मांडीचा वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग. गुडघ्याजवळ नाही, आतल्या बाजूला नाही. मांडीत घेऊन लगेच शेतात खुरपायला किंवा लांब चालायला गेलं तर औषध लवकर उतरतं, एवढं लक्षात ठेवायचं. दोन्ही मांड्या वापरायच्या. एक आठवडा उजवी, एक आठवडा डावी, आणि रोज आधीच्या टोचलेल्या ठिकाणापासून बोटभर सरकायचं. 'जागा बदल' म्हटलं की बायका रोज हात-पोट-मांडी असं फिरवतात, तेही नको. सकाळची जागा सकाळचीच, रात्रीची रात्रीचीच. त्या भागात बोटबोटभर पुढे सरकत जायचं.

पोटाला नकार का, हे आईंना विचारलंय का कोणी? मला वारंवार मिळणारी उत्तरं अशी: आतड्याला लागेल. ऑपरेशनचे टाके आहेत. शिकवायला पुरुष कंपाउंडर होता आणि त्याने पॅसेजमध्येच पोट उघडायला सांगितलं. आतड्याच्या भीतीला उत्तर सोपं आहे. सुई ६ ते ८ मिलिमीटर, ती त्वचेखालच्या चरबीत जाते. आतडं त्याच्याही मागे, स्नायूंच्या भिंतीपलीकडे. तरी आई बारीक आहेत, म्हणून चिमटीत त्वचा उचलूनच टोचायचं. टाक्याच्या वणात आणि त्याच्या लगत टोचायचं नाही, पण पोटावर बाकी जागा भरपूर असते. बेंबीपासून दोन बोटं सोडून दोन्ही बाजू वापरता येतात. नेसत्या साडीत कंबरेच्या बाजूला पदराआड आरामात घेता येतं, मांडीपेक्षा सोपं. फक्त परकराच्या नाडीची रेष टाळायची, तिथली त्वचा आधीच काचलेली असते. हे एखाद्या बाईने बाईला, दार लावून दाखवलं तर निम्मा विरोध तिथेच संपतो. तुम्ही मुलगा आहात. हे शिकवणं तुम्ही अंगावर घेऊ नका, बहिणीला किंवा गावातल्या आरोग्यसेविकेला सांगा.

संकोचाचा भाग आपण फार कमी धरतो. दोन खोल्यांच्या घरात, पाहुण्यांची ये-जा असताना, मांडी उघडी करून बसायला निवांत कोपरा कुठे असतो? रात्रीचा डोस चुकतो त्यातले कित्येक दिवस 'आज घरात माणसं होती' असे निघतात. चुकलेल्या दिवशी घरात कोण होतं, एवढं एकदा जुळवून बघा.

आता दुखण्याकडे येते. सगळ्यात मोठं कारण म्हणजे जुनी सुई. इन्सुलिनची सुई इतकी बारीक असते की वापराने तिचं टोक बोथट होतं आणि वरचा गुळगुळीत थर निघून जातो. नियम एक सुई एकदाच, असा आहे. आपल्याकडे पैसे वाचवायला एक सिरिंज आठवडाभर चालवतात, हे मला माहीत आहे आणि त्यावरून मी कोणावर डाफरत नाही. पण 'दुखतं' अशी तक्रार असेल तर पहिला खर्च तिथेच करा. सुई स्पिरिटने पुसून पुन्हा वापरली तर तो थर आणखी जातो, म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली दुखणं वाढतं. एकाची सिरिंज दुसऱ्याला, घरातल्या घरातही, कधीच नाही.

विचारलंत तर आई 'रोज नवी घेते' म्हणतील. भांडू नका, हिशोब करा. ४० युनिटची १० मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट. रोजचे ३६, म्हणजे बाटली साधारण अकरा दिवस जायला हवी आणि तेवढ्यात बावीस सिरिंजा लागायला हव्यात. बाटली पंधरा-सोळा दिवस पुरत असेल तर डोस चुकतायत. अकरा दिवसांत पाच-सहाच सिरिंजा गेल्या असतील तर त्याच त्या वापरल्या जातायत. औषधाच्या दुकानाच्या बिलांवरून हे पुण्यात बसून कळतं.

दुसरं कारण थंड इन्सुलिन. फ्रिजमधून काढून लगेच टोचलं की चुणचुणतं. चालू बाटली साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात बाहेर महिनाभर टिकते, नेमके दिवस डब्यातल्या कागदावर असतात. आईंची बाटली त्याआधीच संपते. त्यामुळे थंडी-पावसाळ्यात चालू बाटली बाहेर, सावलीत, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब ठेवली तर चालते. मार्च ते मेमध्ये तुमच्याकडे पारा चढतो तेव्हा फ्रिजच्या दारात ठेवा आणि टोचायच्या अर्धा तास आधी काढा. वीज जात असेल तर मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली. ही जुनी युक्ती उन्हाळ्यात उपयोगी पडते. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

तिसरं, ओलं स्पिरिट. कापूस फिरवून लगेच टोचलं की सुईबरोबर स्पिरिट आत जातं आणि जळजळतं. आंघोळ झालेली आहे, त्वचा स्वच्छ आहे, तर घरी साबण-पाणी पुरे. लावायचंच असेल तर वाळू द्या.

चौथं, सुईची लांबी आणि चिमूट, आणि हे आईंच्या बाबतीत फार महत्त्वाचं. ४८ किलो वजन, मांडी बारीक, सिरिंजची सुई ८ मिलिमीटरची असेल आणि सरळ खुपसली, तर ती स्नायूत जाते. स्नायूत दुखतंही जास्त आणि औषध उतरतंही वेडंवाकडं. दुकानात ६ मिलिमीटरच्या सुईची सिरिंज मागा. ती नसेल तर अंगठा आणि तर्जनीने त्वचा हलकेच उचलून, तिरकी, ४५ अंशांत टोचायची. पूर्ण पंजाने गच्च धरायचं नाही, त्याने स्नायूही वर येतो. सुई बाहेर काढल्यावर मगच चिमूट सोडायची. आणि टोचताना भीत भीत, टेकवून, थांबून ढकललं की जास्त दुखतं. सुई एका झटक्यात आत, औषध मात्र सावकाश. नंतर चोळायचं नाही. कधी रक्ताचा थेंब आला, काळंनिळं झालं, तर बोटाने दाबून धरायचं. त्याने औषध वाया जात नाही. आईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण रक्त दिसलं की बायका दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतात.

आणखी एक, दुखण्याचं नाही पण त्याच ओघात: ३०/७० चं इन्सुलिन पांढुरकं, गढूळ असतं. टोचण्याआधी बाटली तळहातांत दहादा लाटल्यासारखी फिरवायची, दहादा हळूच उलटसुलट करायची. खळखळून हलवायची नाही. हे राहिलं तर आज वरचं पातळ आणि उद्या खालचं घट्ट औषध जातं, आणि शुगर वरखाली व्हायला तेवढंही पुरतं.

पेनबद्दल. तुम्हाला वाटलं पेन म्हणजे आईची सुटका, आणि आईंनी ते नाकारलं म्हणून तुम्ही दुखावला आहात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. पण त्यांचं म्हणणं, 'त्यात औषध गेलं का कळत नाही', हे अगदी रास्त आहे. सिरिंजमध्ये औषध डोळ्यांसमोर वर चढतं आणि डोळ्यांसमोर जातं. पेनात आकडा फिरवायचा, खटका दाबायचा, आणि विश्वास ठेवायचा. पेनाचे फायदे खरे आहेत: सुई ४ मिलिमीटरची मिळते, चिमूट बहुधा लागत नाही (आईंइतक्या बारीक व्यक्तीला मांडीत मी तरीही हलकी चिमूट धरायला सांगते), आकडा मोठा दिसतो. पण खर्च वाढतो. पेनाच्या काडतुसात, म्हणजे आत बसणाऱ्या औषधाच्या नळीत, ३०० युनिट, आणि दर वेळी २ युनिट हवेत सोडायचे धरले तर ते आठवड्याच्या आसपास संपतं. बाटली सरकारी दवाखान्यातून मिळत असेल तर हा फरक आणखी जाणवतो.

तरी एकदा प्रयत्न करायचा असेल तर समजावून सांगण्याऐवजी थेंब दाखवा. पेनावर नवी सुई लावायची, २ युनिट फिरवायचे, सुई वर धरून दाबायचं. टोकाला थेंब येतो. हे दर वेळी करायचंच असतं, पण आईंसाठी तो थेंब पुरावा आहे. मग डोस घेताना आकडा शून्यावर येईपर्यंत दाबायचं आणि सुई आतच ठेवून सावकाश दहा मोजायचे. दहा न मोजता काढली की सुईच्या टोकातून थेंब ओघळतो, आणि 'बघ, औषध बाहेरच पडतं' हा त्यांचा संशय पक्का होतो. सिरिंजला इतकं थांबावं लागत नाही, म्हणून जुन्या सवयीचे लोक पेनात हमखास घाई करतात. डोस झाला की सुई काढून टाकायची. लावून ठेवली की आत हवा शिरते, औषध गळतं. एवढं दाखवूनही नको म्हणाल्या तर सिरिंज राहू द्या. नीट घेतलेली सिरिंज ही कपाटातल्या पेनापेक्षा कधीही चांगली.

आता सगळ्यात गंभीर भाग, कारण तुमच्या घरात आत्ता दोन्ही वस्तू आहेत. बाटलीतलं इन्सुलिन एका मिलीत ४० युनिटचं, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनाच्या काडतुसातलं इन्सुलिन एका मिलीत १०० युनिटचं. पेन बिघडलं किंवा सुई संपली म्हणून कुणी काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २२ च्या रेषेपर्यंत ओढलं, तर अंगात २२ नव्हे, ५५ युनिट जातील. ४८ किलोच्या बाईच्या जिवावर बेतेल. उलट, ४० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज वापरली तर २२ च्या रेषेवर जेमतेम ९ युनिट जातात. म्हणून एक ठरवा: घरात एकच प्रकार. पेन वापरायचं नसेल तर काडतूस घरात ठेवू नका, परत घेऊन या. पेन घेतलंत तर डोसाचा हिशोब बदलायचा नाही, २२ म्हणजे २२च. पेनाने ते आतल्या आत केलेलं असतं.

वडिलांचा हात थरथरतो म्हणून ते बाजूला झाले. टोचणं गेलं तरी बघणं राहू शकतं. आईंना मोतीबिंदू आहे का? रेषा नीट दिसतात का? त्यांनी भरलेली सिरिंज वडिलांनी उजेडात धरून 'बावीस' असं मोठ्याने वाचायचं, मग टोचायचं. दोघांनाही दिसत नसेल तर मोठ्या आकड्यांच्या पेनाचा आग्रह मी धरेन, आणि तेव्हाही नुसते खटके मोजून नाही, आकडा वाचूनच.

भीतीचं थोडक्यात सांगते, कारण ती त्यांच्या तोंडूनच यायला हवी. 'इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी', 'अमक्याला सुरू केलं आणि वर्षात पाय कापला' ही वाक्यं गावोगाव ऐकू येतात. पाय जातो तो वर्षानुवर्षं चढलेल्या शुगरमुळे. इन्सुलिन उशिरा सुरू होतं म्हणून दोष त्याच्या माथी बसतो. आईंच्या मनात असं कुणाचं उदाहरण असेल तर ते बोलून घ्या. वाद घालू नका, त्या माणसाची शुगर आधी किती वर्षं आणि कशी होती एवढं विचारा.

वेळेच्या पसंतीलाही जागा आहे, पण थोडी. साधं ह्यूमन ३०/७० जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचं. आई आंघोळ-पूजा उरकून नाश्ता करत असतील तर टोचणं पूजेनंतर ठेवा, नाहीतर आरती लांबते आणि शुगर उतरते. लग्नकार्यात पंगत बसल्याशिवाय, समोर पान आल्याशिवाय टोचायचं नाही. थोडं उशिरा झालेलं परवडतं, टोचून उपाशी थांबलेलं परवडत नाही. एकादशी-चतुर्थीच्या उपासाला डोस किती, हे डॉक्टरांकडून एकदाच कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने पूर्ण बंदही नाही आणि पूर्ण डोस घेऊन कोरडा उपासही नाही. आणि एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट नाही.

शेजारीपाजारी सल्ले देतील. तुमच्या कुणा नातेवाइकाला ऑपरेशननंतर रक्त पातळ करण्याचं तयार भरलेलं इंजेक्शन दिलं असेल, तर ते सांगतील 'आतला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो'. त्या औषधाला ते बरोबर आहे. इन्सुलिनच्या सिरिंजमधला बुडबुडा मात्र टिचकी मारून काढायचा, नाहीतर डोस कमी जातो.

रोज रात्रीच्या फोनवर 'इन्सुलिन घेतलंस का?' विचारणं थांबवा. त्याचं उत्तर 'हो' एवढंच येतं, आणि चुकलं असेल तरी 'हो'च येतं. त्याऐवजी 'आज कुठे घेतलंस?' विचारा. डावी मांडी, उजवी, पोटाची कुठली बाजू, सांगावं लागतं. जागा फिरतेय का ते आपोआप कळतं आणि चौकशीला पोलिसी वास येत नाही.

पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा क्रम असा ठेवा: मांडी चाचपणं, गाठ असेल तर डॉक्टरांना फोन आणि नवा डोस, मग ६ मिलिमीटरच्या नव्या सिरिंजा, मग सकाळ-रात्रीच्या जागांचा तोडगा. पेनाचा विषय सगळ्यात शेवटी. जागा कुठली, कुणी टोचायचं, उभं राहून की बसून, पेन की सिरिंज, हे आईंना ठरवू द्या. गाठीत टोचणं, ४० आणि १०० ची सरमिसळ, आणि न सांगता डोस चुकवणं, या तीन गोष्टींवर मात्र तडजोड नाही.

वापरलेल्या सुयांचं काय करतात हेही बघून घ्या. बहुतेक घरांत त्या कागदात गुंडाळून केरात जातात आणि घंटागाडीवाल्याच्या हातात घुसतात. फिनेलची किंवा तशीच जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली ठेवा, सिरिंज टोपण न लावता त्यात टाका, वर 'सुया' असं मोठ्या अक्षरात लिहा. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि जवळच्या दवाखान्यात घेतात का ते विचारून तिथे द्या.